ऑप्ट-आउट केलं तरी कूलरची जाहिरात पाठ सोडत नाही: नेमकं कुठे अडतं आणि कसं तपासायचं

नागपुरात मार्च उलटला की ही तक्रार हमखास येते. कुणीतरी फोनवर डेझर्ट कूलरच्या किमती बघतो, मग सीताबर्डीत जाऊन रोख पैसे मोजून कूलर घरी आणतो, ताट्या बसवतो, पाणी भरतो. पुढचे दोन महिने फोनवर त्याच कूलरची जाहिरात. वैतागून तो ऑप्ट-आउट करतो, म्हणजे माग काढून दाखवल्या जाणाऱ्या 'पर्सनलाइज्ड' जाहिराती बंद करतो, दुकानाच्या वेबसाइटवर 'रिजेक्ट ऑल' दाबतो. चार दिवस शांतता, मग पुन्हा तोच कूलर. "काहून बे, बंद तर केलं होतं!"

केलं होतं, पण एकाच ठिकाणी. जाहिरातवाल्यांकडे तुमची ओळख किमान पाच रूपांत असते: ब्राउझरमधली कुकी (साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूणचिठ्ठी), फोनचा जाहिरात-आयडी, गुगल किंवा फेसबुकचं खातं, तुमचा मोबाइल नंबर आणि घरच्या वायफायचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक). प्रत्येकाचं बटण वेगळं आहे आणि एकाचं बटण दुसऱ्याला लागू होत नाही. म्हणून दिसेल ते बटण दाबत सुटण्याआधी ही जाहिरात यातल्या कुठल्या ओळखीवरून येते आहे ते शोधा.

कूलरवाल्याच्या चिकाटीचं कारण तर साधं आहे. त्याच्या वेबसाइटने तुम्हाला 'बघितलं पण घेतलं नाही' या यादीत टाकलेलं असतं. तिथेच ऑनलाइन पैसे भरले असते तर 'घेतलं' या यादीत जाऊन जाहिरात थांबण्याची शक्यता होती. बर्डीतली रोखीची खरेदी त्या यंत्रणेला दिसतच नाही. अशा यादीत नाव किती दिवस ठेवायचं ते जाहिरातदार ठरवतो. गुगलवर ही मर्यादा जास्तीत जास्त ५४० दिवस आहे, आणि मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) वेबसाइटला भेट देणाऱ्यांच्या यादीसाठी १८० दिवस. म्हणजे पुढचा उन्हाळा आला तरी तुम्ही यादीत असू शकता.

आधी जाहिरातीलाच विचारा

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरातीच्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा आणि 'व्हाय ॲम आय सीइंग धिस ॲड' उघडा. गुगल आणि यूट्यूबच्या जाहिरातींवर तीन टिंबं किंवा छोटं 'आय'चं चिन्ह असतं, त्यातून 'माय ॲड सेंटर' उघडतं. तिथे दिलेलं कारण अर्धवट असतं, पण दिशा कळते. 'जाहिरातदाराने यादी वापरली' असं असेल तर तुमचा नंबर किंवा ईमेल त्याच्याकडे आहे. 'या वेबसाइटवरच्या तुमच्या हालचाली' असं असेल तर कुकी किंवा पिक्सेल (साइटच्या पानात बसवलेला माग काढणारा कोड). आणि नुसतं 'वय २५ ते ४५, ठिकाण नागपूर' असेल तर तिथे ऑप्ट-आउटचा उपयोग नाही, कारण तुमच्या शोधावरून माग काढलेलाच नाही. बेसा-बेलतरोडीच्या फ्लॅटची जाहिरात अर्ध्या शहराला दिसते, ती व्हरायटी चौकातल्या होर्डिंगसारखीच समजा. पर्सनलाइज्ड जाहिराती बंद केल्यावरही गुगल ढोबळ ठिकाण, दिवसाची वेळ आणि समोरच्या पानावरचा मजकूर यांवरून जाहिरात दाखवतं, आणि तसं ते स्पष्ट सांगतंही.

खात्री करायची असेल तर तुमच्या वायफायवर नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या फोनवर तीच जाहिरात येते का ते बघा. येत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

'नाही' म्हटल्याची आठवण कुकीतच असते

परत परत येणाऱ्या तक्रारींतली ही सर्वांत मोठी. तुम्ही एखाद्या साइटवर 'रिजेक्ट' दाबता तेव्हा तो नकार कुठे साठतो? बहुतेक वेळा तुमच्याच ब्राउझरमधल्या एका कुकीत. जाहिरात उद्योगाची जी सामायिक ऑप्ट-आउट पानं आहेत, एका फटक्यात शंभरेक कंपन्यांना नकार कळवणारी, तीही वर्षानुवर्षं कुकीवरच चालत आली आहेत. मग आठवड्याने फोन हळू झाला म्हणून तुम्ही 'क्लिअर ब्राउझिंग डेटा' करता आणि नकारही धुऊन निघतो. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तो नकार नसतो, दुसऱ्या फोनवर नसतो, इन्कॉग्निटोत तर खिडकी बंद केली की संपला.

गंमत पुढे आहे. सफारीत, किंवा तृतीय-पक्ष कुकी (थर्ड-पार्टी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या) बंद केलेल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये ते सामायिक पान उघडलं तर बऱ्याच कंपन्यांसमोर 'नोंद करता आली नाही' असं येतं. कारण नकाराची कुकी हीसुद्धा तृतीय-पक्ष कुकीच! लोक घाबरून ब्राउझरचं संरक्षण काढतात आणि मग नकार नोंदवतात. असं करू नका. कुकी मुळातच अडलेली आहे, तेव्हा नकाराच्या चिठ्ठीची गरजच उरत नाही.

आयफोनवर आणखी एक भानगड. सफारी पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकी ७ दिवसांत काढून टाकते. संमतीची ('ॲक्सेप्ट की रिजेक्ट' विचारणारी) पट्टी अशाच स्क्रिप्टने चालत असेल तर तुमचा नकार ७ दिवसांनी विसरला जातो आणि पट्टी नव्याने विचारते. साइट मुद्दाम छळते आहे असं वाटतं, पण इथे तिचा दोष नसतो.

इलाज ब्राउझरमध्ये करायचा. क्रोममध्ये सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > थर्ड-पार्टी कुकीज > 'ब्लॉक'. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हेच सेटिंग्ज > साइट सेटिंग्ज > थर्ड-पार्टी कुकीज इथे सापडतं. सफारीत २०२० पासून आणि फायरफॉक्समध्ये जून २०२२ पासून हे संरक्षण मुळातच चालू आहे. फायरफॉक्स कुकी पूर्ण अडवत नाही, प्रत्येक साइटचा डबा वेगळा ठेवतो, परिणाम जवळपास तोच. क्रोममधून या कुकी काढून टाकू असं गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं, पुढे तारखा ढकलत नेल्या, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये 'वेगळं विचारणारही नाही' असं सांगितलं. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी हे हातानेच करायचं.

यानंतर एखादी साइट बिघडली, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पेमेंटची चौकट किंवा 'गुगलने साइन इन' अडकलं, तर पत्त्याच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चिन्हावरून फक्त त्या साइटपुरती सूट द्या. सगळं सेटिंग उलटवायची गरज नाही.

फोनचा आयडी: रीसेट नव्हे, डिलीट

ॲपमधल्या जाहिराती कुकीवर नाही, जाहिरात-आयडीवर चालतात. अँड्रॉइडवर सेटिंग्ज > गुगल > ॲड्स इथे जा. नव्या फोनवर 'ऑल सर्व्हिसेस' या टॅबखाली, तर काही फोनवर सेटिंग्ज > प्रायव्हसी > ॲड्स असं असतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ॲड्स' टाका. फोन मराठीत असेल तर 'जाहिराती'.

तिथे दोन पर्याय दिसतात आणि लोक चुकीचा दाबतात. 'रीसेट'ने जुना आयडी जाऊन नवा मिळतो, म्हणजे नवी पाटी आणि त्यावर पुन्हा लिखाण सुरू. 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबायचं. त्यानंतर ॲपने आयडी मागितला की नुसती शून्यांची माळ मिळते. जुन्या फोनवरचं 'ऑप्ट आउट ऑफ ॲड्स पर्सनलायझेशन' हे बटण आधी फक्त विनंती होती. आयडी ॲपला मिळायचाच, वर 'याला पर्सनलाइज्ड नको आहे' अशी चिठ्ठी जोडलेली असायची. २०२१ च्या अखेरीपासून गुगलने शून्यं द्यायला सुरुवात केली. जुनी सवय असलेले लोक अजूनही म्हणतात की या बटणाला काही अर्थ नाही. त्या काळी ते खरंच होतं.

फोन बदलला किंवा फॅक्टरी रीसेट केला की नवा आयडी तयार होतो. डिलीट केल्याची आठवण नव्या फोनवर येत नाही. दिवाळीत फोन बदलून जानेवारीत 'परत सुरू झालं' म्हणणाऱ्यांचं इथेच अडलेलं असतं.

आयफोनवर सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > ट्रॅकिंग > 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा. एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून परवानगीशिवाय ॲपला आयडी मिळत नाही. ॲपलच्या स्वतःच्या जाहिरातींचं बटण 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या पानाच्या तळाशी 'ॲपल ॲडव्हर्टायझिंग'मध्ये वेगळं आहे.

खाती मोजा

'माय ॲड सेंटर'मधला 'पर्सनलाइज्ड ॲड्स' बंद करण्याचा खटका एका गुगल खात्यापुरता असतो. आपल्याकडे एका फोनवर तीन-चार जीमेल असणं नवलाचं नाही: एक ऑफिसचं, एक कॉलेजच्या काळातलं, एक मुलाच्या शाळेसाठी उघडलेलं. क्रोममध्ये एक खातं, यूट्यूबवर दुसरं. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून प्रत्येक ॲपमध्ये कुठलं खातं चालू आहे ते बघा आणि प्रत्येक खात्यातून एकदा बंद करा. लॉगिन न करता टीव्हीवर यूट्यूब बघत असाल तर तिथलं सेटिंग पुन्हा वेगळं.

शिवाय जाहिरातींचा खटका बंद केल्याने नोंद ठेवणं थांबत नाही. त्यासाठी गुगल खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी'मधली 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करावी लागते.

मेटाकडे दोन दारं आहेत आणि लोक एकच लावतात. अकाउंट्स सेंटर > ॲड प्रेफरन्सेस इथे 'ॲक्टिव्हिटी इन्फर्मेशन फ्रॉम ॲड पार्टनर्स' नाकारा. मग अकाउंट्स सेंटरमध्येच 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'खाली 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' उघडा. ती यादी सावकाश वाचा. गेल्या काही महिन्यांत कुठल्या दुकानाने, कुठल्या ॲपने तुमच्याबद्दल मेटाला कळवलं ते नावानिशी दिसतं; औषधाचं ॲप, तिकिटाचं ॲप, कर्जाचं ॲप. आधी 'क्लिअर प्रीव्हियस ॲक्टिव्हिटी', मग 'डिस्कनेक्ट फ्युचर ॲक्टिव्हिटी'. हे केल्यावर 'फेसबुकने लॉगिन' वापरणारी ॲप उघडणार नाहीत, तेव्हा त्यांचा पासवर्ड आधी करून ठेवा. यानंतरही माहिती मेटाकडे येतच राहते, फक्त तुमच्या खात्याला जोडली जात नाही. मेटाने हे लपवलेलं नाही, पण बटणाच्या नावावरून ते कळतही नाही.

नंबर दिला की कुकीची गोष्ट संपली

ज्यांनी वरचं सगळं नीट केलं आहे त्यांच्याही तक्रारी इथेच अडतात. वर्धा रोडवर एखाद्या फ्लॅट-स्कीमची साइट बघायला गेलात, रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहिला. किंवा मुलीने कोचिंग क्लासच्या स्कॉलरशिप परीक्षेचा फॉर्म भरला, वर तुमचा नंबर. तो नंबर एक्सेलच्या पानात जातो आणि तिथून जाहिरातीच्या खात्यात 'कस्टमर लिस्ट' म्हणून चढतो. चढवताना नंबराचं एसएचए-२५६ पद्धतीने सांकेतिक रूपांतर (हॅश) होतं. मेटाकडे तुमच्या खात्याच्या नंबराचंही तसंच रूप असतं. दोन्ही जुळले की जाहिरात थेट तुमच्यापर्यंत. यात ब्राउझर नाही, कुकी नाही, आयडी नाही. त्यामुळे आयडी डिलीट करा, कुकी अडवा, काही फरक पडणार नाही. 'आम्ही नंबर शेअर करत नाही, फक्त हॅश देतो' हे वाक्य ऐकायला येतं. दहा आकडी नंबरांच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही, कारण हॅश जुळवता यावा म्हणूनच दिलेला असतो.

फेसबुकवर याचा इलाज आहे, पण जाहिरातदारागणिक. ॲड प्रेफरन्सेसमधल्या 'ऑडियन्स-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग'मध्ये ज्यांनी तुम्हाला यादीत घातलं त्यांची नावं असतात. एकेक उघडून 'यादी वापरून जाहिरात दाखवू देऊ नका' हा पर्याय निवडा. वीस-पंचवीस नावं असली तर कंटाळवाणं काम आहे, पण हमखास चालतं.

पुढच्यासाठी उपाय जुनाच: फॉर्मसाठी आणि साइट-व्हिजिटसाठी वेगळं सिम, आणि त्या नंबरावर फेसबुक-इन्स्टाचं खातं नाही. ईमेलला प्लस लावून वेगळं रूप देण्याची युक्तीही लोक सांगतात, पण प्लसनंतरचा भाग कापून टाकणं सोपं आहे. तिच्यावर फार विसंबू नका.

इथे एक गैरसमज. १९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवून डीएनडी लावलं म्हणजे या जाहिराती थांबतील असं अनेकांना वाटतं. डीएनडी फक्त प्रचाराचे कॉल आणि एसएमएस यांच्यासाठी आहे. इंटरनेटवरच्या जाहिराती आणि व्हॉट्सॲपवरचे बिझनेस मेसेज त्यात येत नाहीत. लावायला हवंच, पण त्याच्याकडून कूलरची जाहिरात थांबण्याची अपेक्षा नको.

"मी तर शोधलंच नव्हतं!"

आईने लग्नासाठी पैठणी शोधली आणि मुलाच्या फोनवर पैठण्या सुरू. फोन ऐकतो, असा निष्कर्ष लगेच निघतो. घरातल्या सगळ्या फोनचा बाहेर दिसणारा आयपी पत्ता बहुधा एकच असतो, आणि जाहिरातवाले 'हे एक घर' असं धरून चालतात. त्यात ठिकाण आणि एकमेकांचे सेव्ह केलेले नंबर मिळाले की अंदाज बऱ्यापैकी जमतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही. स्क्रीनची हालचाल टिपून पाठवणारी मात्र सापडली. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असला की वर हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर नारिंगी. शंका असेल तर ठिपका बघा.

मोबाइल डेटावर उलट होतं. कंपन्या एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक ठेवतात, त्यामुळे नागपुरात बसून मुंबईजवळच्या डोंबिवलीतल्या फ्लॅटची जाहिरात दिसते. ते बिघाडाचं लक्षण नाही. ठिकाणाची परवानगी बंद केली आहे याची पावती आहे.

ॲपच्या पोटातला ब्राउझर, फोन कंपनीच्या जाहिराती, टीव्ही

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधली लिंक दाबल्यावर पान त्या ॲपच्या आतच उघडतं. त्या आतल्या ब्राउझरच्या कुकी वेगळ्या, त्यात तुमचा क्रोममधला नकार नाही. तीन टिंबं > 'ओपन इन एक्स्टर्नल ब्राउझर' ही सवय लावा.

शाओमीच्या फोनवर सिस्टीममध्येच जाहिरातींचा 'एमएसए' नावाचा भाग आहे. सेटिंग्ज > पासवर्ड्स अँड सिक्युरिटी > ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन > एमएसए बंद. १० सेकंद थांबवून ठेवतं, आणि पहिल्या एक-दोन वेळा 'काढता आलं नाही' असं म्हणतं. इंटरनेट चालू ठेवून तीन-चार वेळा करा, होतं. इतर कंपन्यांच्या फोनवर 'रेकमेंडेशन्स' किंवा 'कस्टमायझेशन सर्व्हिस' अशा नावाने शोधा.

स्मार्ट टीव्ही तर पडद्यावर काय चाललं आहे ते ओळखून कळवतो, सेट-टॉप बॉक्समधून आलेलं असलं तरी. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस'. दोन्ही बंद करा.

प्रायव्हेट डीएनएस: गुण आणि तिरकस बिघाड

डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. ती बदलून अँड्रॉइड ९ पासून एक सोपा अडसर घालता येतो. सेटिंग्ज > नेटवर्क > प्रायव्हेट डीएनएस > 'होस्टनेम' निवडून इंग्रजीत टाका: डीएनएस, टिंब, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. मध्ये जागा सोडायची नाही. ॲपमधले बरेचसे माग काढणारे पत्ते यानंतर उघडतच नाहीत. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामच्या जाहिराती मात्र थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओ-फोटोच्याच पत्त्यांवरून येतात.

पण हे लावून विसरलात तर दोन बिघाड ठरलेले. रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात वायफायला जोडलं की ओटीपीचं लॉगिन पान उघडत नाही. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन झालं की परत होस्टनेम. दुसरं, गुगलच्या शोधात सर्वांत वरचा 'स्पॉन्सर्ड' निकाल दाबला की पान कोरं. खालचा साधा निकाल दाबा.

नकार खरंच पाळला का? लॅपटॉपवर दहा मिनिटं

इथवर बटण अपुरं असल्याच्या गोष्टी झाल्या. साइटने स्पष्ट नकार मिळूनही माग काढला, हा प्रकार वेगळा, आणि तो पुराव्याने दाखवता येतो.

क्रोममध्ये नवं प्रोफाइल बनवा, म्हणजे जुन्या कुकी आणि एक्स्टेंशन मध्ये येणार नाहीत, आणि थर्ड-पार्टी कुकी या प्रोफाइलमध्ये मुद्दाम चालू ठेवा. साइट उघडा, पट्टीला हात लावू नका. एफ१२ दाबून 'ॲप्लिकेशन' टॅबमध्ये डावीकडे 'कुकीज' उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. आता 'रिजेक्ट ऑल' दाबा, दाबल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा. त्या साइटच्या कुकी हाताने पुसू नका, पान पुन्हा लोड करा, दोन-तीन पानं फिरा, मग कुकींची यादी पुन्हा बघा.

अंडरस्कोरने सुरू होणारी 'जीए' ही गुगल ॲनालिटिक्सची कुकी, तशीच 'एफबीपी' ही मेटा पिक्सेलची. त्यांच्या आतच जन्मवेळ लिहिलेली असते. 'जीए'च्या किमतीत टिंबांनी वेगळे केलेले भाग असतात, त्यातला शेवटचा दहा आकडी भाग म्हणजे १ जानेवारी १९७० पासून गेलेले सेकंद. समजा तो १७६७२२५६०० असेल, तर ती कुकी १ जानेवारी २०२६ ला भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला जन्मली. 'एफबीपी'मध्ये तिसरा भाग तसाच, पण मिलिसेकंदांत, म्हणून तेरा आकडी. 'युनिक्स टाइम' बदलून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. जन्मवेळ तुमच्या नकारानंतरची असेल तर वाद संपला. नकाराआधीची असेल तर साइटने विचारण्याआधीच कुकी ठेवली. तीही तक्रारच, पण वेगळी.

फक्त एक चूक टाळा. 'नेटवर्क' टॅबमध्ये गुगलकडे जाणारी विनंती दिसली म्हणजे नकार तुडवला असं नाही. गुगलच्या 'कन्सेंट मोड'मध्ये नकारानंतरही कुकीशिवाय एक छोटी हाक जाते. ती विनंती उघडून 'पेलोड'मध्ये 'जीसीएस' हे नाव शोधा. समोर 'जी१००' असेल तर साइटने तुमचा नकार पुढे कळवला आहे. 'जी१११' असेल तर तुम्ही नाही म्हणूनही साइट 'हो म्हणाले' असं सांगते आहे. हा स्क्रीनशॉट सोन्याचा. बहुतेकदा त्यामागे बदमाशी नसते. कुणीतरी पट्टीचं तयार प्लगिन आयतं लावलं आणि टॅगशी, म्हणजे माग काढणाऱ्या कोडशी, जोडायचंच विसरलं. बटण दिसतं, दाबलं जातं, आतली तार मात्र कुठेच जात नाही.

दुकानाच्या सर्व्हरवरून थेट मेटा किंवा गुगलकडे जाणारी माहिती या तपासणीत दिसणार नाही, कारण ती तुमच्या ब्राउझरमधून जातच नाही. तिचा माग फक्त मेटाच्या त्या 'ऑफ मेटा' यादीत लागतो. नकार दिलेल्या दुकानाचं नाव नकारानंतरच्या तारखेने तिथे असेल तर तेही टिपून ठेवा.

सिग्नल आणि कायदा

ब्राउझरमधलं 'डू नॉट ट्रॅक' ('माझा माग काढू नका' असं साइटना कळवणारा सिग्नल) विसरा. ते पाळण्याची सक्ती कधीच नव्हती. त्याचं मानक ठरवणारा गट २०१९ मध्ये बरखास्त झाला, सफारीने ते त्याच वर्षी काढलं, फायरफॉक्सने २०२५ मध्ये. क्रोममध्ये खटका अजून आहे, आणि तो चालू असला तरी बहुतेक साइट ढुंकून बघत नाहीत. उलट, मोजके लोकच तो लावतात म्हणून तुमचा ब्राउझर गर्दीत ओळखायला सोपा होतो.

त्याच्या जागी 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल' आलं आहे. ब्रेव्ह आणि डकडकगो या ब्राउझरमध्ये मुळातच चालू. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी इथे 'माझा डेटा विकू किंवा शेअर करू नका असं वेबसाइटना सांगा' या अर्थाची चौकट आहे. याला कॅलिफोर्नियात कायद्याचं बळ आहे. तो सिग्नल न पाळणं हा सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीवरच्या आरोपांपैकी एक होता, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिने १२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. जुलै २०२५ मध्ये हेल्थलाइन या आरोग्यविषयक साइटने १५.५ लाख डॉलर भरले. लोकांनी नकार देऊनही माहिती जाहिरातदारांकडे जात राहिली, हा तिथला आरोप. पण नागपूरच्या आयपीवरून तोच सिग्नल गेला तर साइट तो पाळायला बांधील नाही. कित्येक परदेशी साइट भारतातल्या पाहुण्याला नकाराची पट्टी दाखवतही नाहीत. सिग्नल लावून ठेवा, खर्च काही नाही, पण त्यावर भिस्त नको.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. कायद्यात कुकी हा शब्दच नाही. तो संमतीची भाषा बोलतो. संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं कलम ६ म्हणतं. 'ॲक्सेप्ट' एका टिचकीत आणि नकार चार पानांआड, हे त्यात बसणार नाही. कलम ९ नुसार १८ वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नीट-जेईईच्या वयाची पोरं यात येतात. अडचण एवढीच की फॉर्मवर नंबर वडिलांचा आणि फोनवर खातंही वडिलांचं, म्हणजे यंत्रणेच्या लेखी बघणारा माणूस ४५ वर्षांचा. मुलाच्या फोनवर त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं खातं असणं त्याच्याच फायद्याचं.

आत्ता तक्रार करायची असेल तर साइटच्या प्रायव्हसी पानावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर करा. मोघम 'तुम्ही ट्रॅक करता' लिहू नका. पानाचा पत्ता, तारीख, नकार दाबल्याची वेळ, कुकीचं नाव, तिच्यातली जन्मवेळ आणि दोन स्क्रीनशॉट, एवढं पाच ओळींत. शेवटी दोन मागण्या: माझा नंबर आणि ईमेल जाहिरातीच्या सर्व याद्यांमधून काढा, आणि काढल्याचं लेखी कळवा. ईमेल त्याच आयडीवरून पाठवा जो तुम्ही त्यांच्या फॉर्मवर दिला होता. नाहीतर 'आमच्याकडे आपली नोंद नाही' असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं.